‘छान’ आणि ‘सुंदर’च्या जागी काय लिहावे : नेमके विशेषण निवडण्याची रीत

‘तोरणमाळ हे अतिशय सुंदर ठिकाण आहे.’ या वाक्यातले तोरणमाळ काढा आणि खानदेशातलेच दुसरे ठिकाण घाला : पाल घाला, पाटणादेवी घाला, पद्मालय घाला. वाक्य कुठेही अडत नाही. ज्या वाक्यातले नाव बदलले तरी काहीच बिघडत नाही, त्या वाक्याने त्या ठिकाणाबद्दल काहीच सांगितलेले नसते. आता हे पाहा : ‘सातपायरी घाटाची वळणे संपली की हवा गार होते आणि यशवंत तलावाचे पाणी दिसते.’ इथे पाल किंवा पद्मालय घालता येत नाही. आपले लेखन तपासायची ही पहिली आणि सर्वांत सोपी कसोटी आहे. शाळेच्या निबंधाला, बातमीला, प्रवासाच्या टिपणाला, बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) पाकिटावरच्या मजकुरालासुद्धा ती लागू पडते.

छान, सुंदर, चांगला, मस्त, भारी, अप्रतिम, जबरदस्त हे सगळे निकाल आहेत. वस्तू कशी होती हे ते सांगत नाहीत, लिहिणाऱ्याला ती आवडली एवढेच सांगतात. वाचकाला निकाल ऐकायचा नसतो, तो त्याला स्वतः द्यायचा असतो आणि त्यासाठी पुरावा हवा असतो. नेमके विशेषण निवडणे म्हणजे निकालाच्या जागी पुरावा ठेवणे.

आधी शोधून काढा

लिहिताना थांबू नका. पहिल्या खर्ड्यात ‘छान’ येऊ द्या, नाहीतर हात अडतो. मजकूर पुरा झाल्यावर मोबाइलवर किंवा संगणकावर शोधाच्या चौकटीत एकेक शब्द टाका : छान, सुंदर, मस्त, भारी, अप्रतिम, खूप, फार, अतिशय, प्रचंड, विविध, निसर्गरम्य. शेवट बदलणारे शब्द मात्र पुरे टाकू नका. ‘चांगला’ शोधले तर ‘चांगली’ आणि ‘चांगल्या’ निसटतात. ‘चांगल’ एवढेच टाकले तर बहुतेक ठिकाणी तिन्ही सापडतात. तसेच ‘मोठ’ टाका, म्हणजे मोठा, मोठी, मोठं, मोठ्या सगळे हाती लागतात. पूर्ण शब्दच शोधण्याचा पर्याय चालू असेल तर तो बंद करा.

सापडलेला प्रत्येक शब्द काढायचाच असे नाही. ‘चांगले दोन तास वाट पाहिली’ यातले ‘चांगले’ कौतुकाचे नाही, ते भरपूरपणा दाखवते आणि अस्सल मराठी आहे. संवादात माणसे ‘लय भारी’ म्हणणारच, तिथे हात लावू नका. ओळख पटवणारी विशेषणेही सोडून द्या. काळा मसाला, हिरवी मिरची, जाड शेव यांतले काळा, हिरवी, जाड हे शब्द सजावटीचे नाहीत. ते काढले तर पदार्थच बदलतो.

उरलेल्या प्रत्येक शब्दाला चार प्रश्न विचारा. हे कोणत्या इंद्रियाला जाणवले? वस्तूच्या कोणत्या भागाला? किती? आणि कशाच्या मानाने? ‘छान भाकरी’ म्हणजे पापुद्रा सुटलेली, खरपूस, पातळ, की नुसतीच भुकेच्या वेळी मिळालेली? उत्तर देता आले की शब्द बहुधा आपोआप येतो. उत्तर देता आलेच नाही तर ते विशेषण सरळ काढून टाका. अशा वेळी वाक्याचे काही नुकसान होत नाही.

विशेषणाच्या जागी विशेषणच हवे असे नाही

इथे बहुतेकांची चूक होते. ‘सुंदर’ नको म्हणून मनोहर, मनोहर नको म्हणून रमणीय, मग नयनरम्य, मग नितांतसुंदर. शब्द लांबत गेला, संस्कृत होत गेला, पण निकालाचा निकालच राहिला. समानार्थी शब्दांच्या यादीने नेमकेपणा येत नाही.

त्याऐवजी आधी नाम नेमके होते का ते पाहा. ‘मोठ्या भांड्यात’ लिहिण्यापेक्षा घंगाळ, पातेले, कढई, परात यांतले जे असेल ते लिहा. आकार त्या नावातच येतो. ‘कोरडी काटकी’ नको, कापसाची असेल तर पऱ्हाटी म्हणा. मग क्रियापद पाहा. ‘जोरात चालला’ऐवजी झपझप गेला, ‘हळू बोलली’ऐवजी पुटपुटली, ‘खूप रडले’ऐवजी हमसून हमसून रडले. आणि जिथे मोजता येते तिथे आकडा द्या. ‘तापीला प्रचंड पूर आला’ या वाक्यावरून सावदा-फैजपूरच्या वाचकाला काही कळत नाही. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. त्यांतले किती, किती उंचीने उघडले, विसर्ग किती क्युसेक आहे, पाणी कुठल्या पुलाला लागले, हे लिहिले की ‘प्रचंड’ म्हणायची गरजच राहत नाही.

या तिघांनीही काम झाले नाही, तेव्हाच नव्या विशेषणाकडे वळा. मराठीत त्याचा साठा मोठा आहे, पण तो वापरण्याचे नियम आहेत.

चव, वास, पोत

खाण्याबद्दल लिहिताना ‘चविष्ट’, ‘रुचकर’ आणि ‘स्वादिष्ट’ हे तिन्ही टाळा. ते तीन शब्द नाहीत, एकाच निकालाची तीन नावे आहेत. चव, वास आणि दाताखालचा पोत वेगळे करा.

तिखटाचेच पाहा. जिभेला चुरचुरते ते चुरचुरीत, नाकाडोळ्यांतून पाणी काढते ते झणझणीत, सोसवत नाही ते जहाल. फोडणीचा धूर घशात गेला की लागतो तो ठसका, तो चवीचा शब्द नाही. मीठ-तिखट कमी पडले तर भाजी मिळमिळीत किंवा सपक, पाणी जास्त झाले तर पाणचट. शेवभाजीबद्दल लिहायचे तर तिखटपणा एकाच शब्दात उरका आणि पोताकडे लक्ष द्या. शेव वाढायच्या वेळी रश्श्यात टाकली तर वरून मऊ आणि आत करकरीत राहते, आधीच टाकून ठेवली तर लगदा होतो. त्या भाजीचे चांगले-वाईट ठरते ते इथे.

पोताचे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कुरकुरीत म्हणजे दाताखाली आवाज करणारे : तळलेला बिबडा, पापड. खुसखुशीत म्हणजे आवाज न करता विरघळत तुटणारे : करंजीची पारी, शंकरपाळे. लुसलुशीत म्हणजे मऊ आणि ताजे. मांड्याला, म्हणजे खापरावर भाजलेल्या पातळ पुरणपोळीला, ‘कुरकुरीत’ म्हटले तर खापरावर तो वाजवीपेक्षा जास्त राहिला, असाच अर्थ होईल. तुपाला, पेढ्याला रवाळ म्हणतात, भेंडीला बुळबुळीत, जास्त पिकलेल्या केळ्याला लिबलिबीत. चिंच अर्धीकच्ची असली की ती गाभुळलेली. भेंडी-गवार वेळेवर तोडली तर कोवळी, राहून गेली तर जून किंवा निबर. ‘ताजी भाजी’ या शब्दांनी हा फरक कळत नाही, कारण सकाळी तोडलेली भेंडीसुद्धा जून असू शकते.

वासासाठी ‘सुगंध’ सगळीकडे लावू नका. फुलांचा दरवळ, मसाला भाजल्याचा खमंग वास, तूप कढवल्याचा घमघमाट, बंद खोलीचा कुबट वास, जुन्या तेलाचा खवट, औषधाचा उग्र.

शब्दाचे शेपूट पाहा

मराठीत एकाच मूळ शब्दाला वेगळा शेवट लावून छटा बदलता येते. ‘-सर’ लावले की किंचितपणा येतो आणि तो तटस्थ असतो : लालसर, ओलसर, गोडसर, काळसर. ‘-ट’, ‘-कट’, ‘-चट’ आले की बहुतेकदा नापसंती आत शिरते : हिरवट, मळकट, तेलकट, मातकट, करपट, गुळचट, पाणचट. आंबट, तुरट, खारट या मूळ चवी आहेत, त्या या गटात धरू नयेत.

ही गोष्ट लक्षात न घेतल्याने कौतुकाची तक्रार होते. भरिताला ‘धुरकट चव’ लिहिले तर वाचकाला ते बिघडल्यासारखे वाटते. वास्तविक धुराचा वास हेच त्याचे वैशिष्ट्य. तिथे ‘जाळाचा वास उतरलेले भरीत’ किंवा ‘धुराचा हलका वास’ असे फोडून लिहा. ‘तेलकट’ही तसेच : बट्टी तुपात बुडालेली असते, तिला तेलकट-तुपकट म्हणू नका, तूप मुरलेली म्हणा.

जोडी कोणाची कोणाशी

रंग ठसठशीत करायला मराठीत खास जोड्या आहेत. त्या अर्थाने जवळ वाटतात, पण प्रत्येकीचे घर वेगळे आहे.

काळाभोर आवडीने म्हणतात : केस, डोळे, तापीकाठची जमीन. काळाकुट्ट अंधाराला, भीतीला. काळाकुळकुळीत चकाकणाऱ्याला. काळाकभिन्न कातळाला, भिंतीला, जिथे दडपण हवे तिथे. पांढराशुभ्र धुतलेल्या कपड्याला, फुटलेल्या बोंडातल्या कापसाला. पांढराफटक घाबरलेल्या किंवा आजारी चेहऱ्याला. त्यामुळे मोगऱ्याला पांढराफटक लिहिले की फूल आजारी पडते. लालचुटुक लहान आणि गोंडस वस्तूला : पोपटाची चोच, पिकलेले तोंडले, बाळाचे ओठ. लालबुंद रागाने किंवा उन्हाने तापलेल्या चेहऱ्याला. लालभडक डोळ्यात भरणाऱ्याला. नंदुरबारच्या पथारीवर नुकतीच पसरलेली ओली मिरची लालभडक दिसते. ती वाळत आली की रंग गडद होतो, तेव्हा शब्दही बदला. हिरवागार पसरलेल्या शेताला, रानाला. हिरवाकंच बांगडीला, लुगड्याला, एखाद्या पानाला. पिवळाधमक झेंडूला, सोन्याला. निळाशार पाण्याला, आकाशाला.

व्याकरण इथे हमखास चुकते. जोडीतला पहिला भाग आकारान्त असेल तर तो लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे बदलतो, दुसरा तसाच राहतो : पांढरीशुभ्र चादर, पांढऱ्याशुभ्र चादरीवर, काळेभोर केस, काळ्याभोर केसांत, हिरवेगार शेत, हिरव्यागार शेतात. ‘काळाभोर केसांत’ चूक. लाल, आंबट यांसारखे शब्द मुळातच बदलत नाहीत, म्हणून लालभडक, आंबटढाण सगळीकडे तसेच. झणझणीत, कुरकुरीत, लुसलुशीत हेही बदलत नाहीत. ‘छान’ बदलत नाही आणि ‘कोवळा’ बदलतो, म्हणून एकाच्या जागी दुसरा ठेवला की मागचेपुढचे शब्द पुन्हा वाचा. या जोड्या एका शब्दात लिहायच्या, मध्ये जागा सोडायची नाही.

एका वाक्यात अशी एकच जोडी ठेवा. ‘निळ्याशार आकाशाखाली हिरव्यागार रानात थंडगार वारा’ असे लिहिले की तिन्ही शब्द मरतात. कोणते एक वाचकाला दिसायला हवे ते ठरवा आणि बाकी दोन साधे राहू द्या.

आणि ऋतू तपासा. ‘हिरवागार सातपुडा’ आषाढापासून कार्तिकापर्यंत खरा. सातपुड्याचे रान पानगळीचे आहे, साग उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने टाकतो, पळस बिनपानांचा फुलतो. मार्च-एप्रिलमधल्या सहलीच्या वर्णनात ‘हिरवागार’ आला तर लिहिणाऱ्याने डोळे उघडे ठेवले नव्हते, हे इथल्या वाचकाला लगेच कळते.

ऊन आणि पाऊस : मोजलेले शब्द, न मोजलेले शब्द

खानदेशात उन्हाबद्दल लिहिल्याशिवाय वर्ष जात नाही आणि ‘कडाक्याचे ऊन’ लिहून लिहून तो शब्द झिजला आहे. उन्हाच्या वेळा आणि प्रकार वेगळे करा. सकाळचे कोवळे, दुपारचे रणरणते, उतरतीचे कलते. वाऱ्याबरोबर येतात त्या झळा. हाताला-पायाला बसतो तो चटका. अंगाची होते ती काहिली. जमीन, माळ, नदीचे कोरडे पात्र दिसते ते रखरखीत. वारा पडून घाम फुटतो तो उकाडा. जळगाव-भुसावळकडचा मे महिना कोरडा असतो, त्याला झळा आणि रखरख शोभते. ‘दमट’ हा शब्द मुंबई-कोकणातल्या मजकुरातून उचललेला असतो. आपल्याकडे दमट उकाडा लागतो तो पाऊस दारात आला की.

पावसाची उतरंड अशी : भुरभुर, रिमझिम, रिपरिप, सर, झोडपणारा, मुसळधार. झड म्हणजे दिवसचे दिवस लागून राहिलेला पाऊस, तो जोराचा असेलच असे नाही. वळीव आणि अवकाळी हे शब्द जोर सांगत नाहीत, वेळ सांगतात. वळीव मोसमी पावसाच्या आधीचा, अवकाळी हंगामाबाहेरचा. म्हणून ‘रिमझिम अवकाळी’ही लिहिता येते.

बातमी लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. काही शब्द विशेषणासारखे वापरले जातात, पण त्यांना माप आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. नुकसानभरपाईचे पंचनामे या शब्दावर अवलंबून असतात. ४० मिलिमीटरला ‘अतिवृष्टी’ लिहिले तर शेतकऱ्याची फसगत होते. ढगफुटी म्हणजे लहानशा भागात तासाभरात १०० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त पाऊस. मापाशिवाय हा शब्द लिहू नये, ‘तासभर झोडपले’ एवढे लिहावे. उष्णतेची लाटही तशीच : सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त, किंवा थेट ४५ अंशांवर गेले, तर हवामान खाते ती लाट धरते. त्याखाली ‘उन्हाचा तडाखा’ म्हणा, काही बिघडत नाही.

शेतमालालाही हेच लागू. ‘चांगला कापूस’ लिहू नका. लांब धाग्याचा, पिवळसर, कवडी (किडका), ओलसर, पाला-काडी मिसळलेला, यांतले काय ते सांगा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव उतरतो आणि १२ च्या पुढे माल नाकारला जातो. तिथे ‘ओलसर’ला पैशांत किंमत आहे. केळीचा ‘चांगला घड’ म्हणजे किती फण्यांचा, किती किलोचा; बाग पावसाळ्याच्या तोंडी लावलेली मृगबाग की पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग; थंडीचा चरका बसलेली की न बसलेली.

माणसांच्या बाबतीत थोडक्यात : श्रद्धांजलीतले ‘मनमिळाऊ, हसतमुख, प्रेमळ’ हे त्रिकूट कोणालाही लागते. भिडस्त, खमका, घुमा, चिवट, काटक, तापट, सालस हे शब्द माणूस वेगळा करतात. त्याहून बरे म्हणजे एक कृती लिहिणे. ‘प्रेमळ’ऐवजी ‘बांधावरून जाणाऱ्याला ओंजळभर शेंगा दिल्याशिवाय सोडत नसत’.

एक परिच्छेद दुरुस्त करून पाहू

आधी : ‘हिवाळ्यात खानदेशात भरीत पार्टीची मजा खूप छान असते. शेतात मोठी मोठी सुंदर वांगी मस्त भाजली जातात. सगळीकडे छान वास सुटतो. मग अप्रतिम भरीत तयार होते आणि गरमागरम भाकरीसोबत त्याची चव खूपच भारी लागते.’

नंतर : ‘थंडी पडली की खानदेशात शेताशेतांत भरिताची पार्टी होते. पोपटी-हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी पऱ्हाटीच्या जाळावर साल करपेपर्यंत भाजतात. साल काढून आतला मऊ गर बडगीत टाकतात आणि हिरवी मिरची, लसूण घालून ठेचतात. वर तळलेले शेंगदाणे आणि कांद्याची पात. कळण्याच्या भाकरीबरोबर पहिला घास घेतला की आधी जाळाचा वास येतो, मग मिरची झोंबते.’

काय झाले? निकाल देणारा एकही शब्द उरला नाही. ‘सुंदर वांगी’ची जागा रंग आणि रेघांनी घेतली. ‘मस्त’चे काम ‘करपेपर्यंत’ करते, कारण वांगे कुठवर भाजायचे हे त्यात आहे. ‘छान वास’ला पऱ्हाटीचा जाळ मिळाला. ‘भारी चव’ दोन टप्प्यांत फुटली : आधी वास, मग झोंबणे. ‘गरमागरम’ गेले आणि त्याची आठवण येत नाही. मजकूर थोडा लांबला, पण माहिती कितीतरी वाढली. जागा कमी असेल तर शेंगदाण्यांचे वाक्य काढा, जाळाचे काढू नका.

बोलीतला शब्द आणि कोश

अहिराणी, लेवा गणबोली, तावडी बोलणाऱ्या अनेकांना लिहायला बसले की आपले शब्द अशुद्ध वाटू लागतात आणि ‘बडगी’च्या जागी ‘लाकडी भांडे’ येते. असे करू नका. वस्तू इथली असेल तर नावही इथलेच ठेवा. पुणे-कोल्हापूरच्या वाचकाला ते अडू नये म्हणून शेजारी तिचे काम दाखवणारे क्रियापद घाला. वरच्या परिच्छेदात ‘बडगीत टाकतात आणि ठेचतात’ एवढ्यावर काम भागले. ‘बठ्ठं’सारखे शब्द मात्र संवादातच ठेवा. त्यांना प्रमाण मराठीत ‘सगळं’ आहेच, त्यामुळे निवेदनात ते नेमकेपणा वाढवत नाहीत.

शब्दाच्या छटेची शंका आली तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ सालची आहे. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे, त्याचे खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. दाते-कर्वे यांच्यात अर्थाबरोबर वापराची उदाहरणेही मिळतात, ती आधी वाचा. शब्द कोणत्या नामाशेजारी बसतो हे अर्थापेक्षा उदाहरणावरून लवकर कळते. मात्र कोशात सापडलेला आणि कधीच कानावर न पडलेला शब्द लगेच वापरू नका. ते वाक्य घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. ‘असं कोण म्हणतं?’ असे विचारले गेले, तर तो शब्द काढा आणि त्याच माणसाला विचारा, ‘मग तुम्ही काय म्हणाल?’